धुऱ्यालगतची ओळ मोजत नाहीत

मी बारावीला गणित शिकवायला लागलो तेव्हा मला असमानतांचा धडा येत नव्हता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्या संस्थेनं मला नोकरी दिली तिला तर नाहीच नाही. स्वतः बारावीत असताना तो धडा मी ऑप्शनला टाकला होता. सहा मार्कांसाठी कोण एवढ्या रेघोट्या मारणार? पुढे पदवी झाली, आणि घाटंजी तालुक्यातल्या एका लहानशा कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागलो. पहिल्याच वर्षी तो धडा फळ्याजवळ हात बांधून माझी वाट बघत उभा होता.

पण ही कबुली सोपी आहे. खरी कबुली पुढे आहे, आणि तिच्याकडे जाताना मला अजूनही हसू येतं. ते हसू येतं म्हणूनच ती एवढी वर्षं राहून गेली असावी.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं. कशामुळे, ते सांगायला नको. कापसाच्या वावरांतून गाड्या फिरायच्या, गाड्यांतून माणसं उतरायची, चेहरे आधीच पाडून आणलेले. आमचं कॉलेज म्हणजे टिनाच्या छपराच्या चार खोल्या. पाठीमागे शिपाई काकांचं दोन एकर वावर, त्यात कपाशी. वर्गात कॉमर्सची बावीस पोरं-पोरी. आणि शेवटच्या बाकावर ती.

ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दोन लेकरांची आई. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणार होती, पण प्राचार्यांची परवानगी काढून वर्गात येऊन बसायची. सकाळी कापूस वेचायचा, अकराला वर्गात. ओढणीला कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. पोरं तिला ताई म्हणायची. मी पोरांना अरे-तुरे करायचो, तिला मात्र 'तुम्ही'. एकदा हजेरी घेताना मी सहज विचारलं होतं, बारावी करून काय करणार?

"शिकवणी लावाची हाये सर. आमच्या गावच्या पोरीईची. घरीच, ओसरीवर."

"मग लावा की. दहावीपर्यंतचं तर येतंच तुम्हाला."

"मले येते हो. पण लोक पोरी धाडतीन काय? सासू म्हन्ते, कापूस वेचनारी बाई काय शिकवन. कॉलेजात शिकवलं असं सांगता आलं तर धाडतीन."

पोरं हसली, तीही हसली, मीही हसलो. म्हणून ते वाक्य तिथेच राहिलं.

तर असमानता. आलेखावर रेघ मारायची आणि तिची जी बाजू अट पाळते ती रंगवायची. मी गाइड उघडलं, चार उदाहरणं पाहिली आणि स्वतःच एक नियम काढला. चिन्ह 'पेक्षा लहान' असेल तर रेघेच्या खाली आणि डावीकडे रंगवा. 'पेक्षा मोठं' असेल तर वर आणि उजवीकडे. बस्स! एक्स अधिक वाय आठपेक्षा लहान किंवा आठ? रेघ मारा, खाली-डावीकडे रंगवा. उत्तर बरोबर. दुसरं उदाहरण, बरोबर. तिसरं, बरोबर. मला वाटलं, ह्या धड्याला मी उगीच भीत होतो. पुस्तकातल्या उदाहरणातला कारखानदार रोज शंभर खुर्च्या करत होता, आमच्या स्टाफरूममध्ये चार होत्या आणि त्यातली एक तीन पायांची, पण मी त्याच्या खुर्च्या अशा काही झोकात रंगवत होतो की विचारू नका.

मग आलं 'एक्स वजा वाय, दोनपेक्षा लहान किंवा दोन'.

ही रेघ चढती निघते. डावीकडून उजवीकडे वर जाते. आणि चढत्या रेघेच्या खाली जे असतं ते उजवीकडे असतं, डावीकडे जे असतं ते वर! माझ्या नियमाचे दोन तुकडे झाले आणि दोन दिशांना पळाले. अर्ध्या वर्गानं 'खाली' धरलं, अर्ध्यानं 'डावीकडे'. दोघांच्याही वह्यांत माझाच नियम, शब्द न् शब्द. भांडण सुरू.

"सर, ह्यानं उलटं रंगवलं!"

"मी नाही, यानं! सरनं खाली सांगतलं न बे?"

"डावीकडं बी सांगतलं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फळ्याकडे बघितलं. फळ्यानं काही मदत केली नाही. तेव्हा मी घसा खाकरून म्हणालो, "दोन्ही बरोबर आहेत."

वर्ग सुटला. ती मागे थांबली. सगळे गेल्यावर दाराशी येऊन, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "सर, तुमाले हे येत नाही काय?"

मी दारातच हजेरीपट उघडून परत नावं मोजायला लागलो.

"मी कोनाले नाही सांगत," ती म्हणाली. "पन दोन्ही बाजू कशा बरोबर असतीन? वावराची एक बाजू आपली असते, दुसरी दुसऱ्याची. कोनती कोनाची ते नियमानं नाही कळत. तिथं पाय ठेवाचा अन् विचाराचं."

"कोणाला विचारायचं?"

"त्या जागेलेच. समजा मी आडवे एक अन् उभे पाच, अशी उभी हाये. एकातून पाच गेले, उने चार. उने चार दोनापेक्षा लहान हाये न? मंग ती बाजू आपली. बाकी रंगवत बसा."

मी आत जाऊन वहीत मांडून पाहिलं. बरोबर. दुसरा बिंदू घेतला. बरोबर. शून्य-शून्य घेतला, तर इतकं सोपं की मला स्वतःचीच लाज वाटली. मी बाहेर आलो तर ती अजून तिथेच, मागच्या वावराकडे बघत उभी.

"कागदावर मले बी नीट नाही दिसत सर. वावरात दिसते. काकाच्या वावरात चला न सगळ्याईले घेऊन. चौफुलीच हाये ते."

चौफुली म्हणजे कपाशी अशी लावायची की झाडांच्या ओळी उभ्याही सरळ आणि आडव्याही सरळ, म्हणजे कोळपणीचा डवरा दोन्हीकडून फिरतो. मी वर्गाच्या खिडकीतून वर्षभर ते वावर बघत होतो. तो अख्खा आलेख कागद आहे हे मला दिसलं नव्हतं. दोन एकरांचा आलेख कागद, चौकटी आखलेल्या, प्रत्येक छेदावर एक झाड!

"एक मागू काय सर?" ती म्हणाली. "एक पिरेड मले शिकवू द्यान? फळ्यावर. शाळेत फळा पुसाचं काम माह्याकडंच असे, लिहाचं कधी आलं नाही."

"दिला," मी म्हणालो. "वावर झालं की दुसऱ्याच दिवशी. अख्खा पिरेड तुमचा."

फेब्रुवारी होता. वेचणी झालेली, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उभीच होती. काका म्हणाले, उपटायचीच आहे, नाचा तिच्यात. आम्ही अक्षरशः नाचलो.

दक्षिणेचा धुरा म्हणजे बांध, तो आडवा अक्ष. पश्चिमेचा धुरा उभा अक्ष. दोन्ही मिळतात तो कोपरा शून्य-शून्य. तिथे मी तिला उभं केलं. पोरं वाटेल तिथे एकेका झाडाशी उभी राहिली आणि आपापल्या ओळी मोजून आपला पत्ता ओरडायला लागली. "तीन, दोन!" "सात, एक!" "चार, पाच!" मी आणि काका सुतळी घेऊन धावलो. अधिकवाली रेघ आठपासून आठपर्यंत. मी धुऱ्यापासून मोजत गेलो, एक, दोन, तीन... आठव्या झाडाला सुतळी बांधली, दुसऱ्या धुऱ्यावरही तसंच.

तेवढ्यात एक जण ओरडला, "सर! मी पाच अन् तीन. आठच होते. आठ चालते म्हनले न तुमी? मंग मी सुतळीच्या बाहेर काहून?"

मी त्याच्या ओळी मोजल्या. सहा आणि चार. "तू सहा-चारवर उभा आहेस."

"नाही सर, पाच-तीन!"

बावीसच्या बावीस त्याच्या बाजूनं. मी परत मोजलं. सहा-चार. गणिताचा मास्तर आणि बावीस विद्यार्थी झाडं मोजण्यावरून भांडतायत, काका सुतळी धरून हसून राहिलेत, आणि मला खरंच कळेना की मी मोजायलाही विसरलो की काय.

"सर," ती कोपऱ्यातून म्हणाली, "तुमी कोठून मोजलं?"

"इथून. हे एक, हे दोन..."

वावर हसलं. असं हसलं की धुऱ्यावरची ढोरं वर बघायला लागली.

"धुऱ्यालगतची ओळ मोजत नसतेत सर! ती ढोराची. जाता-येता ढोरं तोंड मारतेत. वेचनीले बी कोनी ते मोजत नाही. त्याच्या पुढून एक."

मी जागच्या जागी उभा राहिलो. वर्षभर मी ह्या पोरांना सांगत होतो, अक्षावर एक नसतो रे, अक्षावर शून्य असतो. वर्षभर वर्गातली निम्मी पोरं एकापासून मोजून चुकत होती. आणि इथे त्यांच्या घरादारानं पिढ्यान्‌पिढ्या शून्य मोजलेला होता, फक्त त्याला ढोराची ओळ म्हणत होते!

"म्हणजे ती शून्य!" मी ओरडलो. "ढोराची ओळ म्हणजे शून्य!"

"ढोर म्हंजे शून्य!" पोरं ओरडली. सुतळी सोडून परत बांधली, वजावाली दुसरी सुतळीही ताणली. पाच-तीनवाला बरोब्बर सुतळीवर आला आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

आता नियम असा : अटीत न मावणारा माणूस खाली बसेल. मी काकांच्या बैलबंडीवर चढलो आणि ओरडलो, "एक्स अधिक वाय आठाच्या वर असेल तो खाली!" पाच-सहा डोकी खाली गेली. "एक्स वजा वाय दोनाच्या वर असेल तो खाली!" आणखी चार गेली. त्यातल्या एकानं बसता बसता बोंब ठोकली, "सर, बसलं तं पऱ्हाटी टोचते!"

"मग उभं राहता येईल अशी जागा शोध!"

झालं. बसलेले सगळे उठले आणि जागा शोधत पळायला लागले. पळताना वजाबाक्या. "साताईतून एक सहा, नाही चालत!" "चारातून तीन एक, चालते, चालते!" एका झाडाशी दोघं. "सरक न बे, माहं उत्तर हाये हे!" "तुह्या बापाचं हाये काय?" "बापाचंच, काका माहे मामा लागतेत!" पाच-तीनवाला गोंधळला होता, त्याची बेरीज नेमकी आठ, वजाबाकी नेमकी दोन, बसू की उभा राहू? ती म्हणाली, "धुऱ्यावर उभा मानूस दोन्हीकडचा असते. उभा राह्य." मला समानता असलेलं आणि नसलेलं चिन्ह ह्यातला फरक ह्याहून नीट आजपर्यंत सांगता आलेला नाही.

आणि मग सगळे थांबले. मी बंडीवरून पाहिलं. सुतळ्या आणि धुरे ह्यांच्या मध्ये तेवीस डोकी, घाईत कापलेल्या बर्फीच्या तुकड्यासारख्या आकारात, चार कोपरे, एक वाकडा. पुस्तकातलं उत्तर. हसणारं, धापा टाकणारं, केसांत काड्या अडकलेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा असमानता सोडवली होती, आणि ती उड्या मारत होती.

ह्याच वेळी घाटंजी रोडवर पांढरी गाडी थांबली.

त्यातले शिक्षण खात्याचे साहेब आमच्याकडेच तपासणीला निघाले होते. दोन दिवसांनी येतो असा निरोप होता, ते आधीच आले. मला माहीत होतं ते कशाला येणार आहेत. बावीस पोरांसाठी मराठी माध्यमाचा गणिताचा वर्ग चालवायचा की बंद करायचा, आणि त्यातच मी राहायचं की आर्णीला मेहुण्याच्या दुकानात मोटरसायकलच्या चेनी विकायच्या, हेही.

साहेब धुऱ्यावर आले. "या जिल्ह्यात वावरातून हसण्याचा आवाज आला," ते म्हणाले, "म्हणून गाडी थांबवली. काय चाललंय?"

मी बंडीवरून उतरलो. शर्टावरच्या काड्या झटकत उत्तर जुळवायला लागलो. पण पोरांना कोण आवरणार?

"साहेब, तुमी ढोराच्या ओळीत हाये!"

साहेब दचकले. ती कोपऱ्यातून म्हणाली, "शून्य चालते साहेब. उभे राहा तुमी."

साहेबांना सगळं समजावून सांगितलं गेलं, एकाच वेळी वीस तोंडांनी. त्यांनी एकाला मुद्दाम बाहेर नेऊन सात-एकवर उभं केलं. तो आपोआप खाली बसला. "का बसलास?" "साताईतून एक सहा साहेब. सहा दोनाहून मोठा. टोचून राह्यलं, पन नियम म्हंजे नियम." साहेब हसता हसता रुमाल शोधायला लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उत्तम! फारच उत्तम. ही कल्पना कोणाची?"

ती दहा पावलांवर उभी होती. तिची मान थोडी वर झालेली मला दिसली. मी तिच्याकडे बघितलं असतं तर शब्द वेगळा आला असता. मी साहेबांकडे बघितलं.

"माझी, सर."

साहेबांनी पाठ थोपटली. जिल्ह्याला येऊन सगळ्या शिक्षकांना दाखवा, म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय माहीत? आमचं दाराशी झालेलं बोलणं कोणी ऐकलं नव्हतं.

आणि ती खाली बसली. शून्य-शून्यवर, धुऱ्याच्या कोपऱ्यात, पऱ्हाटीत.

"ताई, तुमी काहून बसल्या?" पाच-तीनवाला म्हणाला. "शून्य-शून्य तं चालते. तुमाले बसाचं कामच नाही."

"पाय दुखले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचा पिरेड होता. मी त्या पिरेडला सराव परीक्षा ठेवली. मला भीती वाटली की ती फळ्याजवळ उभी राहून हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं शिकवेल, आणि वर्गाला कळेल. तिनं पेपर सोडवला, दिला, गेली. निकालाच्या दिवशी मार्कशीट घ्यायला आली तेव्हा मात्र हसत म्हणाली, "माहा पिरेड राह्यला सर."

"पुढच्या वर्षी," मी म्हणालो. पुढच्या वर्षी ती वर्गात असणारच नव्हती. ते तिलाही माहीत होतं, मलाही.

मी टिकलो. कायम झालो. यवतमाळला जाऊन लोहाऱ्याच्या पुढच्या एका मैदानावर चुन्यानं चौकटी आखून सव्वाशे मास्तरांना उठाबशा काढायला लावल्या, तेही पोरांसारखेच खिदळले. शाली इतक्या मिळाल्या की बायकोनं त्यांचे उशांचे अभ्रे शिवून टाकले. प्रत्येक ठिकाणी मी ढोराच्या ओळीची गंमत सांगतो, प्रत्येक ठिकाणी हशा पिकतो, आणि प्रत्येक ठिकाणी मी म्हणतो, "मला त्या दिवशी सुचलं." परवा एका तरुण शिक्षिकेनं ह्या पद्धतीवर भाषण केलं. माझं नाव घेऊन. तिनंही शेवटी ढोराची ओळ सांगितली, लोक हसले, आणि मी पहिल्या रांगेत बसून सवयीनं हसलो. मग हसता येईना.

तिच्या गावी शिकवणी सुरू झाली नाही. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, एवढं मला ठाऊक आहे. खिचडी शिजवते, लेकरांना बसवते. शिकवायला दुसरी आहे. गेल्या वर्षी घाटंजीच्या बाजारात मला दुरून दिसली, कोणाशी तरी मोठ्यानं हसत होती. मी मिरच्यांच्या ओळीतून वळसा घालून मागच्या बाजूनं निघून गेलो.

मी साहेबांना 'तिची' म्हणालो असतो तर काय झालं असतं, ह्याचा हिशेब मी पुष्कळदा मांडला आहे. माझी नोकरी बहुधा तरीही राहिली असती. साहेब हसण्यावर खूश होते, माझ्यावर नव्हे. आणि तिच्या गावात एक वाक्य पोहोचलं असतं : कॉलेजातल्या सरले अन् साहेबाले हिनं शिकवलं. त्या वाक्यावर तिची ओसरी भरली असती.

मी तिला एक पिरेड देणं लागतो. पंचेचाळीस मिनिटं, फळा, खडू, तिच्या गावच्या पोरी समोर, आणि पहिल्या बाकावर मी. आणि तो सुरू होण्याआधी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, एवढं सांगणं : कल्पना हिची होती.